परण्याची चाल, चार वेळा

माझे मामा सोलापुरातल्या एका बँडचे मास्तर. क्लॅरोनेट वाजवायचे. मुलाचं लग्न तोंडावर आलं आणि नेमके तेव्हाच डॉक्टरांनी त्यांचे उरलेसुरले दात काढून टाकले. कवळी बसायला अजून अवकाश होता, आणि दातांविना क्लॅरोनेट तोंडात धरता येईना. कडक भाकरी सुटली, याचं त्यांना एवढं वाटलं नाही. पण नवरदेवाला वाजतगाजत मारुतीला नेतात, त्या परण्यात वाजवायची चाल त्यांनी स्वतः बांधलेली होती आणि ती कुणालाच शिकवली नव्हती. "शिकवलं की बेनं दुसऱ्या बँडात जातंय," हे त्यांचं धोरण. अख्ख्या पेठेचे नवरदेव त्या चालीवर मारुतीला गेले, आणि आता घरचाच तिच्याविना जाणार होता. मामा जेवेनात.

मी संगणकावर स्वरलिपी लिहायचं एक मोफत सॉफ्टवेअर उतरवून घेतलं.

"फुकट हाय? मग कायतरी खोट असणार," मामा म्हणाले.

तरी बसले. ते बोळक्या तोंडानं गुणगुणायचे, मी पेटीवर स्वर शोधून पडद्यावर टिंबं मांडायचो. बँडात त्या टिंबांना कोण विचारतो? म्हणून खाली सा रे ग म टाकलं. मग सगळं संगणकाकडून वाजवून घेतलं. मामा कान देऊन ऐकत होते.

"हे श्वास कुटं घेतंय?"

"घेत नाही."

"मरंल की!"

चौकात चाल किती वेळा घोळवायची, ते सॉफ्टवेअरला आकड्यात हवं होतं. "पोरं दमस्तोवर," मामा म्हणाले. असा आकडा त्यात नव्हता. मी वैतागून चार घातला आणि कागद छापला. मामांनी तो आपल्या चेल्याला दिला, वर दम भरला, "कागदात हाय तेवढंच वाजवायचं. सोताची अक्कल लावायची न्हाय."

परण्याला चेल्यानं झकास वाजवलं. माझी छाती उगाच फुगली. चौकात पोरं नाचायला लागली. मामा कडेला उभे होते, बोटं हवेतच क्लॅरोनेट वाजवत होती. जन्मभर त्यांनी लोकांना नाचवलं, स्वतः कधी नाचले नाहीत. नाचणार कसे, तोंडात कायम क्लॅरोनेट. चौथ्या फेरीला मामीनं त्यांना आत ढकललं. मामांनी फेटा सावरला, हात वर केले, कंबर जरा कुठे हलली आणि बँड गप्प झाला.

चेला कागदावर बोट ठेवून आज्ञाधारकपणे उभा होता.

"थांबला कशापायी रं?" मामा ओरडले. "फाड तो कागूद! माजं आत्ता कुटं सुरू झालंय!"