सातवी ओळ, डावीकडून चौथी

दोन नोव्हेंबरच्या संध्याकाळी आम्ही कबरस्तानात पोचलो, तेव्हा वडिलांच्या कबरीला आधीच कुणीतरी चुना मारलेला होता. मी बोट लावून पाहिलं. पांढरं बोटाला आलं. म्हणजे चुना एखाद-दोन दिवसांचा, जास्त जुना नाही. डोक्याकडच्या दगडाला मात्र हात लावलेला नव्हता. दगडावर वडिलांचं नाव आहे.

बायको म्हणाली, "कुणी चुकून मारला असेल. आपला वाचला."

"चुकून कुणी कुणाला चुना मारत नाही," मी म्हणालो. ती हसली. मी हसलो नाही.

ज्यांना आमची रीत माहीत नाही त्यांना हे क्षुल्लक वाटेल. साताऱ्यातलं आमचं चर्च इंग्रजांनी आपल्या पलटणीसाठी बांधलं. तेव्हा मराठी माणसं मागच्या बाकांवर बसत. कबरस्तानातही तोच क्रम आहे. रस्त्याकडे साहेबांची संगमरवरी थडगी आणि त्यांच्यामागे आमच्या मातीच्या कबरी. साहेब गेले, प्रार्थनेचं पुस्तक मराठीत आलं, पुढे चर्चच्या पाटीवरचं नावही बदललं. पण मृतांच्या स्मरणदिनी प्रत्येक घरानं आपापल्या कबरीला चुना मारायचा, फुलं वाहायची, मेणबत्त्या लावायच्या आणि पाळकांनी ओळीओळीनं प्रार्थना करत फिरायचं, हे तसंच राहिलं. आमच्यातल्या निम्म्या कबरींवर दगड नाही. त्यामुळे ज्याचा चुना त्याची कबर, असा अलिखित कायदा आहे. जागा संपली आहे. नवी कबर खणायला कमिटी परवानगी देत नाही. पंधरा वर्षं उलटलेली घरचीच कबर उघडायची आणि त्यात घरचंच माणूस ठेवायचं.

माझी आई एक्क्याऐंशी वर्षांची आहे. तिनं माझ्याकडे आयुष्यात फार काही मागितलेलं नाही. हे एकच मागितलं आहे, "मला त्यांच्यात ठेव." त्यामुळे त्या कबरीवर परक्याचा चुना म्हणजे माझ्या दृष्टीनं सरळसरळ अतिक्रमण होतं.

मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी करतो. उसाची ट्रॉली काट्यावर आली की मी आधी चाकं बघतो, मग ड्रायव्हर कुठं उभा आहे ते बघतो, आणि आकडा सर्वांत शेवटी. संशय हा माझ्या कामाचाच भाग आहे. चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी म्हणून दर रविवारी मी हजेरी लिहितो : उपासनेला त्रेचाळीस, प्रभुभोजनाला अडतीस. उरलेले पाच वेदीपाशी का गेले नाहीत, हे मला घरी जाईपर्यंत सुचत राहतं.

तेव्हा चुन्याच्या बाबतीत माझा पहिला संशय खजिनदारांवर गेला. त्यांचे सासरे अंथरुणाला खिळलेले होते आणि सासऱ्यांच्या घराण्याची साताऱ्यात कबर नाही. शिवाय त्या आठवड्यात त्यांच्या स्कूटरच्या पायठेवणीवर मी चुन्याचे शिंतोडे पाहिले होते. चर्चनंतर मी त्यांना विचारलं, "घर रंगवायला काढलंय का?"

"नाही बुवा. का?"

"स्कूटरवर चुना दिसला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग? आमच्या घरच्या कबरीला काय पावडर लावायची?"

उत्तर बरोबर होतं, पण बरोबर उत्तरानं माझं समाधान होत नाही. मी कबरीचा चारी बाजूंनी फोटो काढून ठेवला. पुढच्या वर्षी आम्ही जाण्याआधी पुन्हा चुना होता. या वेळी एक मेणबत्तीही होती, अर्धी जळून विझलेली. आमची मेणबत्ती आई निवडते, ती जाड असते. ही बारीक होती. आईला मी काही सांगितलं नाही. तिनं काठी टेकली, वाकून फुलं ठेवली आणि म्हणाली, "यंदा चुना छान बसलाय."

तिसऱ्या वर्षी मी एक तारखेला रजा टाकली आणि सकाळी नऊ वाजता कबरस्तानात जाऊन बसलो. एका कॅप्टनच्या थडग्याची सावली चांगली पडते, तिथं. बरोबर डबा आणि पाण्याची बाटली होती. अकरापर्यंत कुणी आलं नाही. बाराच्या सुमाराला एक म्हातारी आली. नऊवारी, पायात रबरी चपला, एका हातात ऑइलपेंटचा रिकामा डबा, त्यात कालवलेला चुना, दुसऱ्या हातात कुंचा. ती फाटकातून आत आली, पण सरळ आमच्या कबरीकडे आली नाही. ओढ्याकडच्या भिंतीपर्यंत पार शेवटाला गेली, तिथून वळली आणि ओठ हलवत, एकेका ओळीशी थांबत परत आली. आमच्या कबरीपाशी थांबली, पदर खोचला आणि खाली बसली.

मी उठून गेलो. "मावशी, ही कुणाची कबर?"

तिनं वर पाहिलं नाही. "माझ्या मालकाची."

"दगडावरचं नाव वाचलंय का?"

"मला वाचता येत न्हाई. पर तुमच्या वडलांचं हाय, ठावं हाय मला. दगड तुमचा. माती माजी."

मी म्हणालो की मी कमिटीचा सेक्रेटरी आहे, रजिस्टर माझ्याकडे आहे आणि रजिस्टरमध्ये स्वच्छ लिहिलं आहे : दरवाज्यापासून सातवी ओळ, डावीकडून चौथी.

"असंल की," ती म्हणाली. "माजा मालक पाचव्या वळीत हाय. डावीकडनं सावा. त्यो हितला राखनदार हुता, घंटा वाजवायचा. तुमचं वडील मागनं गेलं. म्या बगितलीया त्यांची मयत. तुमी आयच्या पदराला धरून हुता, लय रडत हुता."

हे मला आवडलं नाही. माझ्या लहानपणाची माहिती सांगून माझा विश्वास मिळवायचा, हाही एक प्रकार असतो. मी विचारलं, "मग इतकी वर्षं गप्प का बसलात?"

"गप कुटं? दगड बसला त्या वर्षी त्या वक्ताच्या सेक्रेटरीकडं गेले. बुक उगडून म्हनले, बुकात बराबर हाय, जावा. बुकाम्होरं मी काय बोलनार? मग तुमी चुना मारून गेला की दुसऱ्या दिवशी यायची, तुमच्या चुन्यावर माजा मारायची. कराडास्नं यष्टीनं." ती कुंचा फिरवत राहिली. "आता दोन-तीन वर्सं झाली, आदी येते."

"का?"

"कुनीतरी इचारावं म्हून. आवं, मलाबी हितंच निजायचंय."

तिचा चुना संपेपर्यंत मी उभा राहिलो. मग घरी येऊन रजिस्टर काढलं.

पाचवी ओळ, डावीकडून सहावी. नोंद होती. पुरुष, वय एकोणतीस, धंदा : चर्चचा राखणदार. माझ्या वडिलांच्या आधी दोन वर्षं. पण त्यानं काय सिद्ध होतं? पाचव्या ओळीतला माणूस पाचव्या ओळीत असणार. ती सातव्या ओळीत चुना मारत होती. मला वाटलं, म्हातारीची गल्लत होते आहे. मग मला ती ज्या वाटेनं आली ती आठवली. भिंतीपर्यंत गेली होती आणि तिथून मोजत आली होती.

इथं मला माझ्याच घराची हकीकत सांगितली पाहिजे. वडील गेले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. त्यानंतर आईला सांगलीत नर्सची नोकरी मिळाली आणि आम्ही सातारा सोडलं. चौदा वर्षांनी, मला नोकरी लागल्यावर, परत आलो. वडिलांच्या कबरीवरचा लाकडी क्रूस वाळवीनं खाल्लेला, जागेचा पत्ता नाही. आई म्हणाली, इथंच कुठंतरी, पण सगळं उलटंच वाटतंय. मी तिला म्हणालो, अंदाज कशाला, रजिस्टर आहे. रजिस्टर पाहिलं, फाटकातून मोजत गेलो, सातवी ओळ, चौथी कबर. पहिल्या पगारातून दगड बसवला. मला त्या मोजणीचा अभिमान होता.

आम्ही सांगलीत असताना ओढ्याला पूर आला होता आणि ओढ्याकडची भिंत पडली होती, हे मी ऐकून होतो. भिंत पुन्हा बांधली. त्या भिंतीत दरवाजा होता, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं; त्या रात्री कमिटीच्या ठरावांची जुनी वही चाळली, तेव्हा कळलं. साहेबांचा दरवाजा वेगळा, आमच्या मयती ओढ्याकडून येत. पूर येऊन गेल्यावर तो बुजवला आणि सगळ्यांसाठी रस्त्याकडचं एकच फाटक ठेवलं. रजिस्टरमधला 'दरवाजा' ओढ्याकडचा होता.

तरीही मी म्हातारीच्या शब्दावर विसंबलो नाही. पुरावा हवा होता. रजिस्टरच्या जुन्या भागातली पहिलीच नोंद एका शाळामास्तरांची आहे : पहिली ओळ, डावीकडून पहिली. त्यांच्या कबरीवर कोरीव दगड आहे. दुसऱ्या दिवशी पहाटेच जाऊन शोधला. तो ओढ्याच्या भिंतीलगत मिळाला. फाटकाकडून मोजलं तर अकरावी ओळ, उजवं टोक.

साहेबांची थडगी सोडून आमच्या अकरा ओळी, ओळीत नऊ कबरी. ओढ्याकडून सातवी म्हणजे फाटकाकडून पाचवी. तिकडून चौथी म्हणजे इकडून सहावी. माझे वडील आमच्या दगडापासून दोन ओळी अलीकडे, दोन कबरी उजवीकडे होते. तिथं घाणेरीचं झुडूप वाढलेलं होतं. एकतीस वर्षं आम्ही त्याला वळसा घालून पुढे जात होतो.

त्याच संध्याकाळी आईला घेऊन यायचं होतं. मी दुपारीच सगळं सांगितलं. कागदावर चौकटी काढून दाखवल्या. तिनं चष्मा लावून पाहिलं.

"म्हणजे एकतीस वर्षं मी दुसरीच्या नवऱ्याला फुलं वाहिली?"

"हो."

"आणि मी सांगत होते, सगळं उलटं वाटतंय म्हणून."

"हो."

"तू मोजत होतास," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं घाणेरीच्या झुडपापाशी खुर्ची मांडायला लावली.

कमिटीपुढे मी लेखी निवेदन ठेवलं : दगड माझ्या खर्चानं हलवावा, दोन्ही जागांची नोंद दुरुस्त करावी. खजिनदारांनी ते दोनदा वाचलं. "सेक्रेटरीसाहेब," ते म्हणाले, "दगड एका कबरीवर, हक्क दुसऱ्या कबरीवर. एका बापाला दोन जागा? पुढं तुमची सोय तर नव्हे ही?"

सगळे हसले. मी शाळामास्तरांच्या दगडाचा फोटो दाखवला, आकृती दाखवली, टेप घेऊन प्रत्यक्ष चला म्हणालो. खजिनदार खरंच आले. त्यांनी स्वतः मोजलं, फाटकाकडून आणि भिंतीकडून, दोनदा. मी त्यांच्या जागी असतो तर तीनदा मोजलं असतं. मग ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. आणि ते स्कूटरचं?"

"चुकलं," मी म्हणालो.

दगड हलवायचा दिवस ठरल्यावर म्हातारीला मी कराडहून बोलावून घेतलं. दोन गवंड्यांनी दगड उचलला, झुडूप काढलेल्या जागी नेऊन बसवला. ती उभी राहून बघत होती. सगळं झाल्यावर मला म्हणाली, "आता कागद द्या."

"कसला कागद?"

"ही माजी जागा हाय म्हून. सही-शिक्क्याचा. आवं, तुमी म्हनताय आज. उद्या दुसरा सेक्रेटरी बुक उगडंल."

मी जगभराकडून कागद मागणारा माणूस. मी तिथंच बसून लिहिलं : ओढ्याकडच्या जुन्या दरवाज्यापासून पाचवी ओळ, डावीकडून सहावी, रस्त्याच्या फाटकापासून सातवी ओळ, डावीकडून चौथी. दोन्ही बाजूंनी लिहिलं, म्हणजे पुन्हा भिंत पडली तरी चालेल. सही केली, शिक्का मारला. तिनं कागद घेतला, पण माझ्याकडून वाचून घेतला नाही. खुर्चीत बसलेल्या माझ्या आईकडे गेली.

"बाई, तुमी वाचा. त्येनी काय लिवलंय ते."

आईनं मोठ्यानं वाचलं, आकड्यांसकट.

"बराबर हाय?"

"बरोबर आहे," आई म्हणाली. "या खेपेला मी बघितलंय."

म्हातारीनं कागदाची चौघडी घालून कमरेच्या चंचीत ठेवली.

यंदा एक नोव्हेंबरला मी दुपारी कबरस्तानात गेलो. झुडूप पुन्हा फुटलंय का, एवढंच बघायचं होतं. ती आधीच येऊन आपल्या कबरीशेजारी बसली होती. चुना मारून झाला होता.

"उद्या सगळे येतात, मावशी," मी म्हणालो. "आता उद्याच यायचं. आदल्या दिवशी कशाला?"

"बगायला आले," ती म्हणाली. "दगड परत आला न्हाई न्हवं, म्हून."