न सांगितलेली विनंती

कँडिस वीव्हरने ठरवलं होतं, की या अधिवेशनात देवाने काही सुचवलं तर ठीक, नाहीतर ऑगस्टात लेकीला, तिर्झाला, सरकारी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसवायचं. देवाला मुदत घालणं शोभत नाही, हे तिला कळत होतं. म्हणून तिने ती प्रार्थनेच्या भाषेत घातली.

तिर्झा नऊ वर्षांची. कोंबड्या सांभाळायची, पाव भाजायची, स्तोत्रं धडाधड म्हणायची. वाचता मात्र येत नव्हतं. पाठ असलेलं स्तोत्र बायबल समोर धरून ती अशी म्हणायची, की चर्चमधल्या म्हाताऱ्यांचे डोळे पाणवायचे. एकदा बायबल उलटं धरलं होतं. ते फक्त कँडिसने पाहिलं.

घरी शिकवणाऱ्या ख्रिस्ती पालकांचं हे अधिवेशन दरवर्षी मिसुरीत भरतं. बाहेर पंधरा आसनी गाड्यांची रांग, आत डेनिमच्या लांब झग्यांची. प्रत्येकीच्या मागे चाकांची पेटी, पेटीत नवी पुस्तकं. गेल्या वर्षीची पुस्तकं घरी कोरी पडलेली असतात, पण ती गेल्या वर्षीची.

सकाळी मुख्य भाषण झालं. वक्त्या बाईंना नऊ मुलं. नऊही जणांनी व्हायोलिन वाजवलं. सर्वांत धाकट्याने लॅटिनमध्ये प्रार्थना म्हटली.

"मी काही विशेष करत नाही," बाई म्हणाल्या. "फक्त पहाटे लवकर उठते."

सभागृहभर उसासे पडले. कार्यक्रमपत्रिकेत या भाषणापुढे 'थकलेल्या आयांना उभारी' असं छापलं होतं.

मग आया गोल टेबलांभोवती प्रार्थनेला बसल्या. कँडिसच्या टेबलावर तिच्याच चर्चची लॉराली होती, शेजारच्या गावची पांढऱ्या केसांची ट्विला होती आणि मांडीवर बाळ घेतलेली शॅना. या लोकांत एक सोय आहे. विनंती आहे पण सांगायची नाही, तर 'न सांगितलेली' एवढंच म्हणायचं. बाकीच्यांनी काही न विचारता प्रार्थना करायची. देवाला माहीत असतंच. राहता राहिल्या शेजारणी.

"माझी न सांगितलेली," कँडिस म्हणाली.

"अगं, काही विचारत नाही आम्ही," लॉरालीने तिचा हात धरला. सगळ्यांनी डोळे मिटले. "प्रभू, कँडिसच्या घरात डोकाव. डॅरेल ट्रक घेऊन आठवडा आठवडा बाहेर असतो. मोटेलांत कसकसले मोह असतात, तुला ठाऊक आहे."

"हो, प्रभू," शॅना पुटपुटली. "आणि या वयात पुन्हा दिवस गेले असतील, तर तेही तुझंच देणं."

कँडिस डोळे मिटून ऐकत होती. दोन वाक्यांत नवरा बाहेरख्याली झाला होता आणि ती गरोदर. आमेन होताच ही बातमी चर्चभर जाणार होती. प्रार्थना मध्येच तोडता येत नाही. फार तर तिच्यात शिरता येतं.

"प्रभू," ती म्हणाली, "डॅरेल मोटेलात जेवून घोरतो, तो मला फोनवर ऐकू येतो. मला दिवस गेलेले नाहीत. माझ्या तिर्झाला वाचता येत नाही. नऊ वर्षांची आहे. मी पाच पद्धती करून पाहिल्या. आमेन."

डोळे उघडले.

"एवढंच?" लॉराली म्हणाली. जराशी हिरमुसली होती.

"माझ्या रूबेनला अकराव्या वर्षापर्यंत येत नव्हतं," ट्विला म्हणाली.

"सिस्टर ट्विला, तुम्हीच सांगायच्यात ना, सहाव्या वर्षी त्याचं अख्खं बायबल झालं होतं?" लॉरालीने विचारलं.

"झालं होतं. कॅसेटवर."

शॅना खुदकन हसली. कँडिस हसली नाही. "मग तो शिकला कसा?"

ट्विलाने आजूबाजूला पाहिलं. "आमच्या सरकारी शाळेत एक बाई आहे. अशा मुलांची अक्षरं कुठे अडकतात, ते तिला बरोबर कळतं. शाळा सुटल्यावर घरी शिकणाऱ्या मुलांनाही घेते. दोन वर्षं नेलं मी त्याला. गाडी मागे कचरापेटीच्या आड लावायची."

"तुम्ही?" लॉराली म्हणाली. "तुम्ही तर दरवर्षी सरकारी शाळांविरुद्ध भाषण करता."

"करते ना. यंदाही आहे, दुपारी. पण ती बाई म्हणजे काही शाळा नव्हे गं. मेथडिस्ट चर्चची आहे ती."

"तिर्झाला दिवसभर घालावं लागेल का तिथे?" कँडिसने विचारलं.

"छे. बाकी सगळं तू शिकवतेसच. एक गोष्ट तुला जमत नाही. मलाही जमली नव्हती. रूबेन आता इंजिनं दुरुस्त करतो आणि मला चुका काढून दाखवतो. पत्रातल्या."

कँडिसने कार्यक्रमपत्रिका उलटी करून पेन काढलं. पाच पद्धतींत तिला कुणी 'मलाही' म्हटलं नव्हतं.

"नाव सांगा त्या बाईंचं."

"मिसेस ऑडेल. आणि ऐक, गाडी मागे..."

"पुढे लावते मी," कँडिस म्हणाली. "दुपारपर्यंत सगळ्यांना कळणारच आहे."

"दुपारपर्यंत कशाला?" ट्विला म्हणाली.

लॉरालीची खुर्ची रिकामी होती.