न भिजवलेला दोर

या नदीचं नाटक तीन अंकी. पहिल्या अंकात डोंगरात थयथयाट, दुसऱ्यात शहराच्या पुलाखालून सरळ चाल, आणि तिसऱ्यात समुद्र समोर आला की तिचं अवसान गळतं. हातातलं सगळं ती तिथेच टाकते. ते सगळं म्हणजे रेती. तिचा बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली बांध होतो, आज इथे तर उद्या तिथे. त्यावर पाणी किती, ते रोज सकाळी होडीतून शिसं बांधलेला दोर सोडून मोजायचं आणि कचेरीबाहेरच्या, जहाजावरून दुर्बिणीने दिसणाऱ्या फळ्यावर लिहायचं, हे मापकाकांचं तीस वर्षांचं काम. त्या आकड्याच्या भरवशावर जहाजं आत येत.

त्या दिवशी ‘साडेसहा मीटर’ लिहून काका आत आले आणि दोर वाळायला जमिनीवर ताणला. तिथे दहा मीटर अंतराने दोन पितळी खिळे ठोकलेले. काल हाच दोर या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत बरोबर पुरला होता. आज पाऊण मीटर कमी!

मग काकांच्या लक्षात आलं. जुना दोर परवा तुटला. घाईघाईत नवा आणून खुणेच्या चिंध्या बांधल्या, पण आधी भिजवायचा राहिला. कोरा दोर पाण्यात आटतो, खुणा जवळ येतात आणि पाणी आहे त्याहून खोल भासतं. म्हणजे खरं पाणी जेमतेम सहा. आज येणाऱ्या धान्याच्या जहाजाला लागायचं तेही सहा. आणि ते वाट दाखवत आत आणायला गेलेली पायलट म्हणजे त्यांची थोरली लेक.

ते धावत वायरलेसपाशी गेले. नुसती खरखर. त्यांनी बटण दाबून धरलं.

“ताई, थांब! आकडा चुकलाय!”

“थांबलेच आहे, बाबा. बाहेर नांगर टाकलाय. भरती चढली की येते.”

“तुला कुणी सांगितलं?”

“बादलीने! नवा दोर आला की दोन दिवस तो बादलीत भिजतो, आपल्याकडे अंघोळीला बादली मिळत नाही, आई आगपाखड करते. आज लाँचमधून पाहिलं, तुमच्या होडीत दोर कोरा करकरीत. आणि घरी बादली तर न भांडता मिळाली होती.”

काका खुर्चीत बसले. तिची कुरकुर वायरलेसवरून पलीकडे ऐकू गेली.

“बसू नका,” लेक म्हणाली. “आधी फळा पुसा. मागून दुसरं जहाज येतंय. त्याच्या कप्तानाला आपली बादली ठाऊक नाही.”

काका उठले. ओल्या बाहीनेच आकडा पुसला, खडू घेतला आणि फळाभर एकच शब्द लिहिला : थांबा.