आत्याच्या घरच्या दोन सऱ्या

वरकुट्याच्या आमच्या आत्यानं कुणाच्या तोंडचा घास काढून घेतला, असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. दारात वायरमन येवो, मजूर येवो की वाट चुकलेला येवो, आत्या आधी त्याच्यापुढे ताटली ठेवायची आणि मगच "काय काम काढलं?" म्हणून विचारायची.

उन्हाळ्यात त्या ताटलीत तिची खास कोशिंबीर असायची. लिंबू पिळून दूध नासवायचं, फडक्यात बांधून पाट्याखाली दाबायचं, त्या पनीरच्या जाड चकत्या तव्यावर तांबूस भाजायच्या आणि गार खरबुजाच्या फोडींवर गरमागरम टाकायच्या. वर पुदिना, भरडलेली मिरी. "गरम आन् गार एका घासात आलं पायजे, न्हायतर नुसतं राबून काय उपेग?" म्हणत ती तव्यापासून हलायची नाही.

खरबूज मात्र घरच्या दोन सऱ्यांतलंच. विहिरीमागच्या त्या सऱ्यांवर फवारणीच्या औषधाचा थेंब पडायचा नाही. फळं बारकी, वेडीवाकडी, पण गोड. बाकीचा सगळा प्लॉट बाजाराचा. आमच्याकडे बऱ्याच बागायतदारांच्या रानात अशी घरची सरी असते. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

त्या एप्रिलमध्ये मी पुण्याहून सुट्टीला गेले होते. भाव चढला म्हणून तात्यांनी, म्हणजे आत्याच्या नवऱ्यानं, गाडी ठरल्या दिवसाच्या आधीच बोलावली. आत्या गोठ्यात होती, तवा तापला होता, म्हणून कोशिंबीर मीच करायला घेतली. घरची फळं अगदीच खुरटी दिसली. मी भरायला ठेवलेल्या क्रेटमधलं एक जाळीदार, देखणं खरबूज उचललं, कापलं आणि पहिली ताटली गाडीच्या ड्रायव्हरला, नवनाथला दिली.

आत्या बाहेर आली आणि तिची नजर विळीजवळच्या सालींवर गेली. "कुटलं कापलंस गं?"

"क्रेटमधलं."

आत्या धावली. नवनाथच्या हातातली ताटली हिसकावून तिनं पनीरसकट उकिरड्यावर भिरकावली. "थुक! थुक आदी! काल औषध मारलंय त्यावर!"

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. नवनाथ चूळ भरून आला. तो रागावलेला नव्हता, नुसता गोंधळला होता. "पर आत्या, मी दर खेपंला ह्यातलंच एक घरी नेतो की. तात्याच देत्यात. माज्या पोरी खात्यात."

आत्यानं गाडीत चढवलेल्या क्रेटांकडे पाहिलं. दारात आलेल्या प्रत्येकाला तिनं जन्मभर जपून वाढलं होतं, आणि दाराबाहेर काय जात होतं हे तिला त्या क्षणी दिसलं. मलाही तेव्हाच दिसलं. मला शिसारी आली, तिची नव्हे, आम्हां सगळ्यांचीच.

मग ती गाडीकडे गेली. "क्रेट उतरवा."

"खुळी झालीस का?" तात्या ओरडले. "व्यापारी परत दारात उभा ऱ्हाईल का?"

"न्हाय ऱ्हायला तर न्हाय."

गाडी रिकामी गेली. दुसऱ्या दिवशी तिनं घरच्या दोन्ही सऱ्यांवरून ट्रॅक्टर फिरवला, फळं लागलेल्या वेलांवरून. मी किंचाळलेच. ती म्हणाली, "आता घरात बी बाजाराचंच खायाचं. मग बघू, काल औषध मारून आज कोण तोडतंय."

पुढच्या हंगामात तिनं नवनाथच्या पोरींना मुद्दाम बोलावून घेतलं. दोघी टुणटुणीत होत्या, तरी आत्या त्यांच्या तोंडावरून पुन्हा पुन्हा हात फिरवत राहिली. मग तिनं औषधानंतर पुरेसे दिवस थांबून तोडलेलं, क्रेटमधलंच खरबूज कापलं, पनीर भाजलं, पहिला घास स्वतः खाल्ला आणि ताटल्या पुढे केल्या. पोरी हसत खात होत्या. आत्या मात्र त्यांच्या प्रत्येक घासाकडे बघत होती. त्यानंतर मरेपर्यंत तिनं कुणालाही खरबूज वाढलं, तर पहिला घास आधी स्वतः खाल्ला.