नातीच्या पाठीला यंत्र बांधलं तो दिवस

तवा तितं मी हुते, माझी नात रूपा, घोडं शिकवणारे सर, पुण्याहून आलेल्या डाक्टरीणबाई, बसायला आलेल्या चारदोन पोरी आन् हरणी घोडी.

सांगोल्याहून पहाटंची यष्टी धरली. मंगळवेढ्याला मी भजी घेतली, रूपानं तोंडाला लावली न्हाईत. घोड्यावर तिची पाठ यंत्रात सरळ दिसली तर सर तिला घोडेस्वारीच्या मोठ्या स्पर्धेला नेणार हुते. सोलापुरात सात रस्त्याला उतरले आन् माझ्या चपलेचा अंगठा तुटला. तशीच फरफटत मैदानावर गेले.

बाईंनी रूपाच्या मानंला, पाठीला, कमरंला पट्टे बांधले. पट्ट्यात काडेपेटीएवढी यंत्रं (सेन्सर म्हणत्यात). रूपा वाकली की कॉम्प्युटरवरची काड्यांची बाहुली बी वाकायची.

मी म्हनलं, "बाई, पोटातलं भ्याव बी दिसतं का ह्यात?"

"नाही आजी, फक्त पाठ," बाई हसल्या.

आमी मेंढरंवाली. बिऱ्हाड घोड्यावर लादून मुलूख हिंडल्याली. निघताना घोड्यावर भंडारा (देवाची हळद) उधळायचा, ही आमची रीत. रूपा हरणीवर बसली तशी मी कनवटीची पुडी सोडली आन् "येळकोट" म्हनून मूठभर उधळली. वारं समोरनं आलं. हळद हरणीच्या डोळ्यात गेली. ती दोन पायावर हुबी ऱ्हायली. रूपा तिच्या मानंला लोंबकळली, कमरंचा पट्टा घसरून मांडीवर आला.

"अहो आजी, काय केलंत हे!" सर वरडले.

पदरानं घोडीचं डोळं पुसाया गेले, तर हरणी मला जवळ येऊ दीना. पोरी खिदळल्या, "हळद लागली गं घोडीला, आता वऱ्हाड काढा!"

पट्टे परत आवळून रूपाला दुसरं घोडं दिलं. अनवळखी. त्येच्यावर ती गाठोड्यावानी बसली. बाई म्हनल्या, "हे मोजमाप धरता येणार नाही. घाबरलीय ती." त्यांची गाडीची येळ झाल्याली. सरांनी दुसरी पोर निवडली.

परतताना यष्टीत रूपा म्होरल्या बाकावर बसली.

"रूपे, भाकर खा की."

"तूच खा."

दुष्काळात मेंढरं मेली, माझं मालक वाटंतच वारलं, तवा बी मी मान खाली घातली न्हाय. त्या दिशी सांगोला येस्तवर खिडकीकडं तोंड करून बसले. त्या पोरीनं वरीसभर पडून-झडून केल्यालं एका मुठीत उधळलं मी.

वाचणाऱ्यात कुणी तसली यंत्रं बांधणारं असल, तर माझ्या नातीला आणिक एक डाव बसू द्या. मी येणार न्हाय.