अर्धी नळी

माझी आत्या सोफे शिवते. जुन्या सोफ्याचं कापड उसवायचं, आतला भुगा झालेला फोम उपसायचा, स्प्रिंगा आवळायच्या आणि वाकड्या सुईने नवं कापड बसवायचं, हे सगळं ती एकटी करते. तिच्या बोटांवर टोचल्या-कापल्याच्या इतक्या खुणा आहेत की नवी कुठली आणि जुनी कुठली हे तिलाही सांगता येत नाही. आणि आमच्या घरात या बाईचं नाव काय, तर 'काच'. हात लावला की फुटेल म्हणून काच. इतकं खोटं नाव मी दुसऱ्या कुणाला ठेवलेलं ऐकलं नाही.

ती लहान असताना टॉन्सिलच्या ऑपरेशनआधी तिचं रक्त तपासलं. रक्त गोठायला फार वेळ लागतो, असा रिपोर्ट आला. ऑपरेशन रद्द झालं आणि त्या दिवसापासून माझे बाबा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, तिचे पहारेकरी झाले. सुरी नाही, सायकल नाही, भिंतीवर चढणं नाही. कॉलेजात असताना पुन्हा तपासलं, पुन्हा तेच आलं. मग तर बाबांना रानच मोकळं मिळालं.

पुढे तिचं लग्न जमत आलं होतं. मागच्या गल्लीतला घड्याळजी. त्याला ती आवडली होती आणि तिला तो. बाबा परस्पर त्याच्याकडे गेले आणि सांगून आले, की हिला बाळंतपण झेपणार नाही, जिवावर बेतेल, तुम्ही दुसरीकडे बघा. आत्याला हे नंतर कळलं.

ती रडत बसली नाही. घरात जिला भाजी चिरू देत नव्हते, ती मुद्दाम एका सोफेवाल्याकडे सुया, कात्र्या आणि खिळ्यांत जाऊन बसली. पुढे स्वतःचं दुकान काढलं. बोट कापलं की संध्याकाळी ते बाबांच्या नाकासमोर धरायची.

"बघ, थांबलं."

"नशीब समज," बाबा म्हणायचे.

या दोन वाक्यांपायी आमच्या घरात किती जेवणं गार झाली असतील, देव जाणे.

गेल्या वर्षी तिच्या उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. सुई हातात आहे की पडली, हे बघूनच कळायचं. मनगटातली नस दाबली गेली आहे, छोटं ऑपरेशन करावं लागेल, नाहीतर पकड जाईल, असं डॉक्टर म्हणाले. बाबांनी लगेच पिशवीतून जपून ठेवलेले जुने रिपोर्ट काढून टेबलावर ठेवले.

डॉक्टरांनी ते वाचले. "आधी रक्त तपासू. पुन्हा असंच आलं, तर मी सुरी लावणार नाही."

डॉक्टरांचं काही चुकलं नाही. पण आत्याचा चेहरा उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. हात गेला की दुकान गेलं, आणि दुकान गेलं की दिवसभर घरी, बाबांच्या नजरेखाली.

लॅबमध्ये मी बरोबर होते. बाबा तर होतेच. रक्त घेणाऱ्या मुलीने पट्टा बांधला तोच बाबा म्हणाले, "थोडंच घ्या हं. हिचं रक्त थांबत नाही." मुलगी घाबरली. निळ्या टोपणाची नळी निम्मी भरली न भरली, तोच तिने सुई काढून कापूस दाबून धरला.

दुपारी लॅबमधून फोन आला, की नळी अर्धीच आहे, तपासता येणार नाही, परत या. बाबा भडकले. "तिचं रक्त काय रस्त्यावर पडलंय?" असं म्हणत आमच्या आधी तेच तिथे पोचले.

लॅबच्या बाईंनी वाद घातला नाही. एक कोरी नळी उजेडात धरली. "तळाशी पाण्यासारखं दिसतंय ना? नळीत रक्त गोठू नये म्हणून घातलेलं औषध आहे ते. नळी या रेषेपर्यंत भरेल असं धरून मोजून घातलेलं असतं. रक्त कमी आलं की औषध जास्त होतं, आणि मग तपासताना रक्त उशिरा गोठतं. त्यात रक्ताचा दोष नसतो."

आत्याने नळीकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"दादा, कॉलेजात असताना तपासलं, तेव्हा किती घेतलं होतं?"

बाबा नळीवरची रेष बघत राहिले.

"तूच होतास ना बरोबर?"

"थोडंच घ्या म्हणालो होतो," बाबा म्हणाले.

"आणि पहिल्या वेळी?"

"तू हात झटकलास. मध्येच सुई निघाली. होतं तेवढंच तपासलं त्यांनी." मग हळूच, "काळजीपोटीच गं."

आत्याने बाही वर केली. "रेषेपर्यंत भरा," ती त्या मुलीला म्हणाली. "आणि हे बाहेर बसतील."

एका हाताची शीर सापडेना, तर तिने दुसरा हात पुढे केला. नळी भरली. रिपोर्ट आला. तिचं रक्त तुमच्याआमच्यासारखंच गोठत होतं, आणि बहुधा आयुष्यभर तसंच गोठत आलं होतं.

मला आनंद झाला नाही. संताप आला. रक्त थांबत नाही म्हणून थोडं घ्यायचं, थोडं घेतलं म्हणून रिपोर्ट तसा यायचा, आणि रिपोर्ट तसा म्हणून माझ्या आत्याचं आयुष्य घरच्यांनी आपसात ठरवून टाकायचं. ती सांगत होती, बोट दाखवत होती, आणि एकानेही त्या बोटाकडे नीट पाहिलं नाही.

ऑपरेशनच्या संध्याकाळी तिने बँडेज बाबांच्या समोर धरलं. कोरडं होतं. या वेळी बाबा 'नशीब' म्हणाले नाहीत.

"त्या घड्याळजीला तू जाऊन सांगितलं होतंस," आत्या म्हणाली. "आता हेही जाऊन सांग."

"त्याला नातवंडं झालीत गं आता."

"होऊ देत. मला काही मागायचं नाही त्याच्याकडे. पण खोटं सांगून आलायस, ते दुरुस्त करून ये."

बाबांनी बरेच दिवस चालढकल केली. टाके निघाले, बोटांत जीव आला, आत्याने दुकान उघडलं, त्या दिवशी ते गेले. तिथून थेट दुकानातच आले आणि एका उघड्या सोफ्याच्या कडेवर बसले.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, मला तर तेव्हाही चाललं असतं. पोरंबाळं नसती झाली, तरी चाललं असतं. तुम्हीच नको म्हणालात."

आत्याने वाकडी सुई उचलली आणि दोरा ओवायला घेतला. बोटं अजून अडखळत होती. दोरा दोनदा हुकला. बाबा सवयीने उठले आणि सुई घ्यायला हात पुढे केला.

"बस खाली," ती म्हणाली. "टोचली तर टोचू दे."