काळी पडणारी दुपटी

बोथच्या सरकारी दवाखान्यात मी डॉक्टर असताना जैनथकडची एक बाई तान्ह्या पोरीची दुपटी घेऊन आली. "पोर मुतली का थोड्या वेळानं दुपटी काळी पडून राह्यली. साबण लावला का अजूनच काळी. काऊन, साहेब?"

कापसाच्या मुलखात आम्ही प्रत्येक डागाचं खापर फवारणीवर फोडायचो. मीही फोडलं. पोर धडधाकट दिसली, म्हणून रजिस्टरात नोंदही केली नाही.

फार वर्षांनी एका वैद्यकीय मासिकात कुठल्याशा डॉक्टरानं आपल्या एकाच रुग्णाची हकीकत छापलेली वाचली. दुर्मीळ, जन्मजात आजार. पुढे सांधे झिजतात. पहिली खूण तीच, लघवीनं काळी पडणारी दुपटी, साबणानं अजूनच काळी.

आता जैनथच्या बसमधून एखादी तरुण बाई गुडघा धरून उतरली, की हाक मारावीशी वाटते. पण नाव तरी मी कुठं लिहून घेतलं होतं?